टीव्हीवरची कर्जमुक्ती घणसोलीच्या घरात चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा-वहिनी नवी मुंबईत घणसोलीला राहतात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 95 हजार. घराचा हप्ता 26,500. शिवाय पर्सनल लोनचे 4 लाख 60 हजार बाकी (हप्ता 14,200), दोन क्रेडिट कार्डांवर 1 लाख 80 हजार आणि 95 हजार, पतपेढीचे दीड लाख (हप्ता 4,800). पतपेढीला मावशीचे यजमान जामीन आहेत. म्हणजे घर सोडून नऊ लाखांच्या आसपास. कार्डांची किमान रक्कम धरून महिन्याला 59 हजार यातच जातात. मी यूट्यूबवर कॅनडा-जर्मनीचे कर्जातून बाहेर काढणारे रिअ‍ॅलिटी शो बघते. कार्डं कापायची, बरण्यांत रोख पैसे भरायचे आणि महिनाभरात घर रुळावर! हे आपल्याकडे करून बघावं का? आणि असा शो मराठीत का नाही?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे जरा जास्तच आहे. असा शो मराठीत करायचा एक प्रयत्न झाला होता आणि त्यात 'तज्ज्ञ मॅडम' म्हणून मीच उभी होते. ते पुढे सांगते. आधी माझी बाजू कळू द्या. बारा वर्षं मी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात होते, म्हणजे फोन करणाऱ्यांच्या बाजूला. गेली सोळा वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात बसून ज्यांना ते फोन येतात त्यांचे हिशेब लावून देते.

तुम्ही बघता तो कॅनडाचा शो बहुतेक 'टिल डेट डू अस पार्ट' असणार. 2005 साली सुरू झालेला, गेल वाझ-ऑक्सलेड नावाच्या बाईंचा. कार्डं काढून घ्यायची, किराणा, प्रवास, करमणूक अशा वेगवेगळ्या बरण्यांत रोकड भरून द्यायची, खर्चाची नोंद ठेवायला लावायची आणि जोडप्याने नीट केलं तर शेवटी पाच हजार डॉलरपर्यंतचा चेक. जर्मनीचा म्हणजे पेटर त्स्वेगाट. आरटीएल वाहिनीवर 2007 पासून तो लोकांच्या घरी जायचा. मुळात बर्लिनमधला कर्ज-सल्लागार, त्यामुळे त्याचं बोलणं धंदेवाईक नाही वाटत. स्वीडनमध्ये 2006 पासून असाच एक शो आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'चैनीचा सापळा'. मी हे सगळे चवीने बघितले आहेत. माझे यजमान म्हणायचे, दिवसभर तेच आणि रात्रीही तेच.

यांतल्या प्रत्येक भागात कामाची गोष्ट दीड-दोन मिनिटांचीच असते. त्स्वेगाट फ्लिपचार्ट, म्हणजे मोठ्या कागदांचा फळा, उभा करतो, डावीकडे येणं, उजवीकडे देणं लिहितो, खाली बेरीज मारतो. आणि नवरा-बायको आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी एकच आकडा बघतात. बस. कात्री, बरण्या, रडणं, शेवटचा चेक हा सगळा जेवणावरचा पापड. तो आकडा दोघांनी एकत्र बघणं हे जेवण.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते? कारण माझ्यासमोर बसून पहिल्या भेटीत सांगितलेला आकडा सोळा वर्षांत क्वचितच खरा निघाला. लोक खोटं बोलतात असं नाही. एकाला अर्ध माहीत असतं, दुसऱ्याला उरलेलं अर्ध, आणि दोघांनाही वाटत असतं की आपलं अर्ध समोरच्याला कळलं तर घर मोडेल. तुम्ही नऊ लाख लिहिलेत. मी कागदावर अकरा लिहून ठेवले आहेत. वरचे दोन कुठून? कुठेतरी सोनं तारण असेल. मोबाइल अ‍ॅपवरून काढलेली पंधरा-वीस हजारांची दोन-तीन कर्जं असतील. ऑफिसातल्या मित्राचे हातउसने असतील. आणि भिशी! भिशी लवकर उचलली असेल तर पुढचे सगळे हप्ते म्हणजे कर्जच, पण "आमच्यावर भिशीचं कर्ज आहे" असं बोलताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. तिला लोक बचतच समजतात.

आता त्या मराठी शोची गोष्ट.

2018 च्या पावसाळ्यात एका निर्मिती संस्थेतला मुलगा मला भेटला. एका वाहिनीला दाखवायला नमुन्याचा भाग करायचा होता. जोडपं त्यांनीच शोधलं होतं, खारेगावातलं, कळव्याच्या पुढे. वन बीएचके, घरात सासूबाई, दोन मुलं. नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडून वर्ष झालेलं, मधल्या काळात सासऱ्यांची बायपास झालेली आणि तरीही ते गेले. बायको घरातच पार्लर चालवायची. कर्ज साडेसहा लाखांचं. त्यातले निम्म्याहून जास्त हॉस्पिटलमधले.

टीमची सात-आठ माणसं आत शिरली आणि हॉल भरला. आवाजाला पंखा नको म्हणून पंखा बंद. दोन मोठे दिवे. बाहेर पाऊस म्हणून खिडक्याही बंद. दिग्दर्शकाने पहिलं काय करायला सांगितलं असेल? त्या बाईला म्हणाला, कपाटातल्या सगळ्या साड्या पलंगावर काढून ठेवा. ती भांबावली, पण ठेवल्या. पस्तीस-चाळीस असतील. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश फिरला. मी नंतर तिला हळूच विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, यातल्या मी घेतलेल्या पाच-सहा. बाकी लग्नातल्या, ओटीतल्या, मानाच्या." हॉस्पिटलच्या बिलावरून कॅमेरा फिरवून काय दाखवणार? साड्या दिसायला छान दिसतात. परदेशी शोमध्ये चपलांचे ढीग आणि पर्सेस का दिसतात, ते मला त्या दिवशी कळलं. टीव्हीला कर्जाचं कारण डोळ्यांना दिसावं लागतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या घरांत ते बहुतेक वेळा दिसण्यासारखं नसतं. आजारपण, गेलेली नोकरी, बहिणीचं लग्न, घोडबंदरला बुक केलेल्या आणि ताबा न मिळालेल्या फ्लॅटचा हप्ता अधिक चालू घराचं भाडं. अलीकडे एक नवीन भर: ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतली मुलं, शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या सट्ट्यात हात पोळलेली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्या बाजारात उतरलेल्या दर शंभर सामान्य गुंतवणूकदारांतले 93 तोट्यात निघाले. तेही कपाट उघडून दाखवता येत नाही.

मग कात्री आली. नवऱ्याने कार्ड कापलं, पण हात कॅमेऱ्याच्या आड आला. "सर, अजून एक आहे का?" दुसरं कार्ड आणलं, ते कापलं. या वेळी दोन तुकडे नीट टिपॉयवर पडले, सगळे खूश. मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. कारण त्या दुसऱ्या कार्डावर सासऱ्यांच्या बिलाचा ईएमआय चालू होता. प्लास्टिक कापल्याने खातं बंद होत नाही. घरात सगळ्यांनी धरून चाललं की कार्ड संपलं. स्टेटमेंटच्या ईमेल कोणी उघडल्या नाहीत, आणि पाचव्या महिन्यात वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा लेट फी आणि व्याज मिळून अठरा हजारांच्या वर गेलं होतं.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं: कार्ड कापू नका, बंद करा. बाकी शून्य करून बँकेला लेखी किंवा अ‍ॅपवरून बंद करायची विनंती द्यायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे. हा नियम सांगितला की कस्टमर केअरची 'ऑफर' सांगायची हौस एकदम कमी होते.

खारेगावचं अजून संपलं नाही. दुपारी दिग्दर्शकाला 'फ्लिपचार्टचा सीन' हवा होता. मी बोर्डावर लिहीत गेले, नवरा सांगत गेला, आणि सोनेतारणापाशी आल्यावर तो अडखळला. तारण ठेवल्या होत्या त्या सासूबाईंच्या पाटल्या. त्यांना माहीत नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कॅमेरावाला इतका चपळ की बाईंचं तोंड पडलं तेव्हा तो बरोब्बर त्यांच्यावर होता. मी म्हटलं, थांबवा. दिग्दर्शक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, हेच तर सोनं आहे."

ती मंडळी वडापाव खायला खाली उतरली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी बसले. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी तिघांसमोर, कोणी न रडता. सासूबाईंनी बेरीज बोट ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "पाटल्या सोडवायला किती, आणि मोडल्या तर किती?" हिशेब केला. सोडवून मोडल्या तर सोनेतारण संपत होतं आणि वर थोडे उरत होते. त्या म्हणाल्या, मोडा. बाकी सगळं फिटायला पुढे तीन वर्षं दोन महिने लागले, पण त्या घराची कर्जमुक्ती त्या ओट्यापाशी सुरू झाली, आणि तिचं चित्रीकरण झालं नाही. पुढचा भाग करायला मी नाही म्हटलं. वाहिनीनेही घेतला नाही म्हणे, 'ड्रामा कमी आहे' म्हणून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं, पण शोला मी नावं ठेवते असं समजू नका. त्स्वेगाटचे भाग बघून किती जणांनी लपवलेली पत्रं उघडली असतील! फक्त तिथे ज्याच्या जोरावर तो माणूस बोलतो, ते आपल्याकडे नाही. जर्मनीत 1999 पासून सामान्य माणसासाठी दिवाळखोरीचा कायदा आहे. ठरावीक वर्षं शिस्तीत काढली की उरलेलं कर्ज माफ होतं. आता ती मुदत तीन वर्षांवर आली आहे. म्हणजे सावकाराशी बोलताना सल्लागाराच्या खिशात हुकमाचा पत्ता असतो: "नाही मानलंत तर हा माणूस कोर्टात जाईल आणि तुम्हाला फारसं काही मिळणार नाही." आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी प्रकरण आहे, पण ते लागू झालं आहे फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुमच्या दादाला नादारी, म्हणजे दिवाळखोरी, घ्यायची तर ब्रिटिशांचा कायदा. त्यातही गंमत बघा, मुंबईकराला 1909 चा आणि ठाणे-नवी मुंबईकराला 1920 चा. मुंबई-ठाण्याच्या वेशीवरचा मुलुंड चेकनाका ओलांडला की कायदा बदलतो. नादारीचा अर्ज केलेला माणूस माझ्या सोळा वर्षांत दोनदाच भेटला, आणि दोघांचंही कोर्टात वय वाढलं. तेव्हा तो रस्ता विसरा.

सल्ल्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये बँकांना 'वित्तीय साक्षरता आणि पत समुपदेशन केंद्रं' काढायची योजना आखून दिली होती. 2012 च्या सुधारणेत नावात नुसतं साक्षरता उरलं, समुपदेशन गळालं. साक्षरता चांगलीच, पण जो बुडतोय त्याला पोहण्यावरचं व्याख्यान काय कामाचं?

आता तुमच्या दादाकडे येऊ.

रविवारी सकाळी बसा. मुलांना आजीकडे पाठवा. त्याआधी दोघांनीही आपापला क्रेडिट रिपोर्ट काढायचा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्कोअरचा आकडा बघू नका, खात्यांची यादी बघा. विसरलेली अ‍ॅपवरची कर्जं तिथे उघडी पडतात. जे दिसणार नाही ते म्हणजे बहुतेक पतपेढ्या, भिशी, हातउसने आणि सावकार. ते तोंडी विचारून लिहावं लागेल. सावकार निघालाच तर त्याचा परवाना आहे का विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने बिनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. 'दहा टक्के महिना'वाला बोलत असेल तर तालुक्यातल्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकाचं ऑफिस त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मग मोठ्या कागदावर बेरीज. आणि मग कार्डं, कारण खरा गळका नळ तोच आहे. 1 लाख 80 हजारांचं कार्ड घ्या. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर 6,300 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 1,134 रुपये. झाले 7,434. दादा किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे 9,000 भरतो. मुद्दलातून फिटले किती? 1,566 रुपये. पुढच्या महिन्यात त्याने त्याच कार्डावर दोन हजारांचं पेट्रोल टाकलं की कर्ज वाढलं. नऊ हजार भरून! हे गणित मी पहिल्यांदा लिहून दाखवते तेव्हा माणसं कॅल्क्युलेटर मागून घेतात, माझ्यावर विश्वास बसत नाही म्हणून. कोर्टाची आशाही ठेवू नका. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डांवर 30 टक्क्यांहून जास्त वार्षिक व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

घराचे हप्ते आजवर वेळेवर गेले असतील तर गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागा, फक्त कार्डांपुरता. 2 लाख 75 हजार, दहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी: हप्ता साधारण 5,850. आज दोन्ही कार्डांना मिळून किमान 13,750 जातात. महिन्याला जवळजवळ आठ हजार सुटतात, आणि या वेळी मुद्दलही फिटतं. पण हा उपाय मी हात आखडूनच सांगते. कार्डाचं कर्ज विनातारण असतं, ते तुम्ही घरावर चढवता आहात. कार्डाचा हप्ता चुकला तर फोन येतात, घराचा हप्ता 90 दिवस थकला तर बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. शिवाय माझ्याकडे टॉप-अप घेऊन गेलेल्यांतले बरेच जण दोन वर्षांनी परत आले, कारण रिकामी झालेली कार्डं त्यांनी बंद केली नव्हती. मग टॉप-अपही आणि कार्डही. तेव्हा टॉप-अपचे पैसे आले त्याच आठवड्यात बंद करायच्या विनंतीचा क्रमांक हातात, असं असेल तरच करा.

सुटलेले आठ हजार कुठे घालायचे? अमेरिकेतले डेव्ह रॅम्झी सांगतात, सगळ्यात लहान कर्ज आधी, म्हणजे हुरूप येतो. हिशेबवाले सांगतात, सगळ्यात महाग व्याजाचं आधी. कार्डं मिटल्यावर मी तुमच्या घराला तिसरंच सांगेन: पतपेढी आधी. व्याजासाठी नाही, मावशीच्या यजमानांसाठी. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची. आधी दादाकडे जा मग माझ्याकडे या, असं ते म्हणू शकत नाहीत. आणि पतपेढीला लोक उगाच गरीब समजतात. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली तिने निबंधकाकडून वसुली दाखला मिळवला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. परदेशी शोमध्ये जामीनदार हे पात्रच नसतं. आपल्याकडे हप्ता चुकतो घणसोलीत आणि बोलणं बंद होतं सगळ्या नात्यांत.

बरण्यांचं म्हणाल तर आपल्या आया हे डाळीच्या डब्यात करतच होत्या. आता डब्याचा उपयोग नाही, कारण पैसा डब्यातून जात नाही, मोबाइलवरून जातो. त्याऐवजी एक वेगळं बचत खातं उघडा. यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा, पगाराच्या खात्याचं यूपीआय काढून टाका. दर सोमवारी आठवड्याच्या खर्चाचे पैसे त्यात टाका. शुक्रवारी संपले तर शनिवार-रविवार घरची खिचडी. रुपे क्रेडिट कार्ड 2022 पासून यूपीआयला जोडता येतं, ते जोडलेलं असेल तर आधी तोडा. नाहीतर वीस रुपयांचा वडापावही साडेतीन टक्क्यांनी खाल्ला जातो.

शोमधल्या शेवटच्या चेकबद्दल एकच ओळ: आपल्याकडे टीव्हीवरच्या स्पर्धेत पाच लाख जिंकलात तर 30 टक्के कर आणि त्यावर सेस मिळून 1 लाख 56 हजार करात जातात, हातात उरतात 3 लाख 44 हजार. बक्षिसाच्या आशेवर दादाने कुठे ऑडिशन देऊ नये. कॅमेरा घरात शिरला की काय होतं, ते तर ब्रिटनमध्येही कळलंच. थकबाकीदाराला घरातून बाहेर काढण्याचं चित्रीकरण दाखवणाऱ्या तिथल्या एका शोविरुद्ध लंडनचं एक जोडपं कोर्टात गेलं, आणि 2018 मध्ये वाहिनीने त्यांच्या खासगीपणाचा भंग केला असं ठरून दोघांना प्रत्येकी दहा हजार पौंड मिळाले.

फोन सुरू झाले असतील तर वहिनींना सांगा: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, ऑगस्ट 2022 पासून. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. "पोलीस पाठवतो" ही नुसती धमकी. मात्र चेक किंवा खात्यातून जाणारा ऑटो-डेबिट पैसे नसल्यामुळे परत गेला तर फौजदारी तक्रार होऊ शकते, त्याच्याकडे दुर्लक्ष नको. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, ठाण्याला कोर्ट नाक्यावर जा. तिथे तडजोडीची रक्कम माझ्या अनुभवात फोनवरच्यापेक्षा बरी मिळते. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आणि "हप्ते भरणं थांबवा, ते पैसे आमच्याकडे भरा, आम्ही निम्म्यात सेटलमेंट करून देतो" असं सांगणाऱ्या कंपनीचा फोन आला तर ठेवून द्या. दादाचे हप्ते आज चालू आहेत, त्याला सेटलमेंटची गरज नाही. रिपोर्टवर 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' पडलं की पुढचं कर्ज मागताना वर्षानुवर्षं तेच दाखवलं जातं. मी वसुलीत असताना अशी खाती आमच्याकडे यायची. सल्लागाराची फी भरून झालेली, आमचा एकही हप्ता नाही, आणि व्याज चढलेलं.

राहता राहिलं ते दादाला बसवायचं कसं. हे उत्तर त्याला फॉरवर्ड करू नका. बहिणीने सगळ्यांसमोर आपला हिशेब मांडला एवढंच त्याला दिसेल. आधी वहिनींशी बोला, त्यांना बहुधा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. मग दोघांनाच बसू द्या. तुम्हाला बोलावलं तरच जा, आणि गेलात तर लिहिण्याचं काम तेवढं घ्या. सोनेतारणाची पावती निघालीच, तर दागिना कोणाचा, कधी ठेवला, का सांगितलं नाही, हे त्या दिवशी विचारू नका. पावतीवरचा आकडा कागदावर उतरवून घ्या आणि पुढच्या ओळीवर जा.